विषय: पार्कची देखभाल – रहिवाशांचा स्वयंसेवक गट

सर्वांना सप्रेम नमस्कार,

वस्तीतल्या पार्कची थोडी जबाबदारी आपण रहिवाशांनी घ्यावी, हा विषय मागच्या बैठकीत निघाला होता. पार्क विभागाची हरकत नाही. एखाद्या रविवारी मोठी मोहीम ठेवावी, होतील तेवढी माणसं जमवून कचरा उचलावा, रोपं लावावीत, असं माझ्या मनात आहे. हे काम आधी कुणी केलं असेल तर जरूर कळवा.

– सचिव

---

ताई,

कल्पना मनापासून आवडली, म्हणून सविस्तर लिहितो. सुरुवात मोहिमेनं करू नका. मी पूर्वी ज्या गटात होतो तिथे आम्ही नेमकं तेच केलं. एका सकाळी ओळीनं रोपं लावली, फोटो काढले, घरी गेलो. पाणी कोण घालणार हे ठरलंच नव्हतं. उन्हाळा संपेपर्यंत निम्मी रोपं वाळली. ती वाळकी ओळ अजून डोळ्यांसमोर येते.

नव्या झाडाची मुळं आजूबाजूच्या मातीत पसरेपर्यंत पहिली दोन-तीन वर्षं त्याला आपणच पाणी द्यावं लागतं. म्हणजे लावायचा दिवस एक आणि सांभाळायचे आठवडे शंभराच्या वर. गट बांधायचा तो या आठवड्यांसाठी.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क 1970च्या दशकात पार रया गेलेलं होतं. 1980 साली नागरिकांच्या पुढाकारातून तिथे संस्था उभी राहिली. पुढे त्यांनी पार्कचे 49 भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक माळी नेमून दिला. स्वयंसेवक त्याच्या हाताखाली काम करतात. कुठे काही बिघडलं की कुणाला विचारायचं, हे पक्कं. आपलं पार्क केवढंसं! तरी रीत हीच हवी: चार-पाच घरांकडे एक कोपरा, ठरलेला वार, आणि विभागातला एक ठरलेला माणूस.

आता झाडाच्या बुंध्याबद्दल, कारण चूक तिथेच होते. मातीत ओल टिकावी म्हणून लोक मोठ्या मायेनं लाकडाच्या भुग्याचा ढीग थेट बुंध्याला लावतात. साल कायम ओली राहते, कुजते. भुगा आळ्यासारखा पसरायचा: 5 ते 10 सेंटिमीटर जाड, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. झाड जमिनीत शिरताना जिथे रुंद होतं, तो भाग डोळ्यांना दिसला पाहिजे. भुग्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिथे गवत उगवत नाही, त्यामुळे गवत कापायचं यंत्र बुंध्यापाशी न्यावंच लागत नाही. त्या यंत्राच्या गरगर फिरणाऱ्या दोरीनं कोवळी साल चहूबाजूंनी सोलली गेली, की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरतं.

तण पाऊस पडून गेल्यावर, बी धरायच्या आत उपटावं; मुळासकट येतं.

विभागाशी लेखी करार मात्र करून घ्या. इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हत्यारं कुणाची, हे त्यात यावं. यांत्रिक करवत, शिडी आणि तणनाशकाला आपण हात लावायचा नाही. खणण्याआधी खालून पाइप किंवा केबल गेली आहे का, ते विचारायचं. टाकून दिलेली इंजेक्शनची सुई दिसली तर उचलायची नाही, विभागाला कळवायचं. मुलांसोबत पालक हवेतच.

– बागकाम गटातला एक

---

नमस्कार,

माझे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. पण सकाळी रोज त्याच पार्कात फिरते. माझा काही उपयोग होईल का?

---

काकू, तुमच्याइतकं ते पार्क आमच्यापैकी कुणीच पाहत नाही! वही ठेवाल का? कुठली फांदी मोडली, कुठला नळ गळतोय, कोण किती तास राबलं, एवढंच लिहायचं. पुढच्या वर्षी विभागाकडे हत्यारं किंवा निधी मागायला जाऊ, तेव्हा तीच वही पुढे ठेवता येईल. आणि पक्ष्यांची घरटी कुठे आहेत तेही टिपून ठेवा. पिल्लं उडेपर्यंत ती झुडपं छाटायची नाहीत.

---

सर्वांना,

मोहीम रद्द. येत्या शनिवारी सकाळी 9 वाजता फक्त पार्क बघायला जमू. काकू पुढे, आम्ही मागे. कोपरे तिथेच वाटून घेऊ. विभागाच्या माणसालाही बोलावलं आहे. ज्यांना दर आठवड्याला एक तास खरोखर देता येईल, त्यांनी या मेलला उत्तर देऊन आपला वार कळवावा. सहा घरं झाली तरी मी काम सुरू करणार आहे.

– सचिव