पावसाळ्याआधीचे टायर: मुंबईकरांचे अनुभव

मे महिना निम्मा सरला की मुंबईत छत्र्या, ताडपत्र्या आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची आठवण सगळ्यांना होते. गाडीच्या टायरची आठवण मात्र बहुधा पहिल्या सरीत, सिग्नलपाशी ब्रेक दाबल्यावर होते. आपण टायर कधी बदललेत, निवडताना काय पाहिलेत आणि पावसात व उन्हात काय अनुभव आला, हे या धाग्यावर सविस्तर लिहावे. नुसती कंपन्यांची नावे नकोत, कारणे हवीत.

दादरहून

माझा रोजचा प्रवास हिंदमातावरून ईस्टर्न फ्रीवेकडे होतो. हिंदमाताला पाणी साचते तेव्हा प्रश्न इंजिनात पाणी जाण्याचा असतो, तिथे टायर काही करू शकत नाही. टायरची खरी परीक्षा फ्रीवेवर होते. रस्त्यावर पाण्याचा जेमतेम पातळ थर असतो, गाडी ऐंशीच्या आसपास असते आणि एकाएकी स्टिअरिंग हातात हलके लागते. टायरच्या खाचांना पाणी वेळेत बाहेर टाकता आले नाही की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. अशा वेळी ब्रेक न मारता अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात आणि नियमानुसार त्या १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नयेत. टायरच्या कडेवर ‘टीडब्ल्यूआय’ ही इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो आणि टायरची नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. पण ही कायद्याची मर्यादा आहे. पावसातली पकड त्याच्या बरीच आधी उतरू लागते, त्यामुळे मी तीन मिलिमीटरलाच टायर बदलते. उरलेले रबर वाया जाते अशी घरात कुरकुर होते, ती ऐकून घ्यावी.

तपासताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून टायरची आतली कडही पाहावी. आमच्या टायरवाल्याने अंगठा आडवा फिरवून दाखवले, तेव्हा बाहेरून धडधाकट दिसणारा टायर आतल्या बाजूने पार गुळगुळीत लागला. चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ रेषेत असणे, बिघडले होते. तसेच ठेवून नवे टायर घातले असते, तर तेही त्याच वाटेने गेले असते.

मुलुंडहून

नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्टला होतो. तिकडे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हिवाळी टायर ठेवण्याची पद्धत आहे. कायदा तारखेला नव्हे, तर रस्त्याच्या स्थितीला बांधलेला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तर चिखल व बर्फासाठी म्हणून असलेली नुसती ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे पुरत नाहीत, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह टायरवर असावे लागते. कारण साधे आहे: तापमान सुमारे सात अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते.

आता मुंबईचे पाहा. सांताक्रूझला नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि तेही जानेवारी १९६२ मधले. म्हणजे मऊ रबराच्या हिवाळी टायरचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही. मे महिन्यातल्या डांबरावर तो भराभर झिजेल आणि ब्रेक लागायला अंतरही जास्त घेईल. आपल्याकडे ऋतू एकच मोजायचा, तो पावसाचा.

ठाण्याहून

मुलुंडकरांशी मी अर्धाच सहमत आहे, कारण उन्हाळाही मोजावा लागतो. एक्स्प्रेसवेवर एप्रिल-मे महिन्यांत टायर फुटण्यामागे बरेचदा हवा कमी असणे हे कारण असते. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त दुमडतात आणि त्या सततच्या दुमडण्याने आत उष्णता साठत जाते. त्यात गाडी माणसांनी व सामानाने भरलेली, वेग शंभरचा आणि खाली तापलेले काँक्रीट.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर हवेचे दोन आकडे असतात, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी. लांबच्या प्रवासाला दुसरा आकडा पाळावा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. फूड मॉलला थांबल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे मुळीच करू नये, कारण टायर तापल्यावर दाब वाढणारच. ‘पावसात पकड यावी म्हणून हवा थोडी कमी ठेवा’ हा सल्लाही पेट्रोल पंपावर हमखास मिळतो. वाळूत तो खरा असेल, पण ओल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर उलट लवकर तरंगतो. टायरमध्ये हवेऐवजी भरून मिळणाऱ्या नायट्रोजनबद्दल एवढेच म्हणेन की साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

कांदिवलीहून

आमच्या भागात खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक हीच मुख्य अडचण आहे. गाडी घेतल्यावर अनेकांना मोठ्या रिमचा आणि बुटक्या कडेचा टायर बसवण्याचा मोह होतो. दिसतो छानच. पण १८५/६५ मधला ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. हा आकडा पन्नासवर आणला की खड्ड्याचा मार झेलायला रबर कमी उरते. धक्क्याने आतले धागे तुटतात आणि टायरच्या कडेला फुगा येतो. त्यावर पॅच चालत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. मी कंपनीने दिलेल्याच मापावर राहिलो आहे.

गिरगावहून

आमची गाडी चाळीच्या चौकात उभीच जास्त असते. नक्षी जवळपास नवी दिसत होती, पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. टायर किती जुना हे कळायला त्याच्या कडेवरच्या ‘डीओटी’ या इंग्रजी अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार वाचावेत. २२१९ असेल तर टायर २०१९च्या बाविसाव्या आठवड्यातला. नवा टायर घेतानाही हे आकडे बघूनच पैसे द्यावेत.

विक्रोळीहून

गणपतीला दरवर्षी कोकणात जातो. यंदा दोनच टायर बदलायचे होते आणि दुकानदार ते पुढे बसवण्यावर अडून होता: इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, म्हणून नवा टायरही पुढे. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा सल्ला याच्या उलट आहे. पुढची पकड गेली तर गाडी वळणात सरळ जाऊ लागते, ते लगेच कळते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरता येते. मागची पकड गेली तर गाडी गरकन फिरते आणि घाटातल्या ओल्या वळणावर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून नवे मागे आणि मागचे बरे असलेले पुढे, असे समोर उभे राहून करून घेतले. बॅलन्सिंगचे पैसे तेवढे चारही चाकांचे पडले.