मदत हवी आहे: ऑटोकॅडच्या लेआउटमध्ये तिरकं शेत सरळ दाखवायचंय, निर्देशांक न हलवता

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात केळीच्या ठिबकचे नकाशे ऑटोकॅड या संगणकी आरेखन प्रणालीत काढतो. सध्याचं शेत ४ एकर, १८० बाय ९० मीटर. लांब बांध पूर्वेकडून उत्तरेला ३७ अंश कललेला आहे. बांध आडवा धरला तर ए३ कागदावर १:५०० ला आरामात बसतं. आहे तसं तिरकं ठेवलं तर उंचीच ३६ सेंटिमीटर लागते, म्हणजे १:१००० वर जावं लागतं आणि दीड मीटरवरच्या लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या) कागदावर दीड मिलिमीटरवर येतात. शेतकरी हाच कागद घेऊन बांधावर उभा राहणार. कोणती नळी कुठल्या सबमेनवर (लॅटरलना पाणी देणारा मोठा पाइप) जोडायची हे त्याला स्पष्ट दिसलंच पाहिजे, म्हणून १:५०० सोडायचं नाही.

मॉडेलमध्ये (जिथे खऱ्या मापात चित्र काढतो) सगळं उचलून फिरवणं मला चालणार नाही. मोजणी जीपीएसची आहे, यूटीएम या नकाशाच्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ झोनमधली, आणि आखणीही त्याच आकड्यांवर होणार. व्ह्यूपोर्टला (छपाईच्या पानावर, म्हणजे लेआउटवर, मॉडेल दाखवणारी चौकट) रोटेट दिलं तर आतलं चित्र फिरतं, पण चौकटही तिरकी होते. फक्त आतलं दृश्य कसं फिरवायचं? आणि वालचे (व्हॉल्व्हचे) नंबर वाचताना मान वाकडी करावी लागू नये, त्याला काय उपाय?

प्रतिसाद १
भाऊ, व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करून आत जा. डीव्ह्यू कमांड द्या, एंटर, मग टीडब्ल्यू म्हणजे ट्विस्ट, आणि कोन उणे ३७. फक्त बघण्याची दिशा वळते, निर्देशांक जागचे हलत नाहीत. कोन माहीत नसेल तर यूसीएसचा (आपण ठरवलेली अक्षांची मांडणी) एक्स अक्ष बांधावर बसवून प्लॅन कमांड देता येते, पण प्लॅन सगळं चित्र चौकटीत बसवते आणि स्केल जातं. ते पुन्हा १:५०० करावं लागतं. मी तरी डीव्ह्यूच वापरतो.

प्रतिसाद २
तुम्ही रोटेट करून बघितलंच आहे, तर तोच रस्ता पुढे न्या. व्हीपीरोटेटअसोक (चौकटीबरोबर आतलं दृश्य फिरावं की नाही हे ठरवणारी सेटिंग) १ असताना व्ह्यूपोर्ट उणे ३७ ने फिरवा. मग ते ० करा आणि चौकट ३७ ने परत आणा. चौकट सरळ होते, आतलं दृश्य वळलेलंच राहतं.

धागाकर्ता
डीव्ह्यूने झालं दादा, मनापासून आभार! बांध अगदी आडवा आला. वालचे नंबर मात्र अजून तिरकेच आहेत.

प्रतिसाद १
ती अक्षरं अॅनोटेटिव्ह करा, म्हणजे व्ह्यूपोर्टच्या स्केलप्रमाणे आपोआप आकार घेणारी. टेक्स्ट स्टाइलमध्ये अॅनोटेटिव्ह आणि त्याखालचं ‘मॅच टेक्स्ट ओरिएंटेशन टू लेआउट’, दोन्हींवर टिक करा. आधी लिहिलेल्या अक्षरांसाठी अॅनोअपडेट द्या, आणि १:५०० चं स्केल त्यांना जोडलेलं आहे ना ते बघा, नाहीतर त्या व्ह्यूपोर्टमध्ये ती कदाचित दिसणार नाहीत. वालचा ब्लॉक असेल तर ब्लॉकलाही तशीच सोय आहे. उत्तरेच्या बाणाला मात्र हे लावू नका. तो मॉडेलमध्ये साधा ब्लॉक म्हणून राहू द्या, म्हणजे दृश्याबरोबर वळेल आणि खरी उत्तर दाखवेल. शेवटी व्ह्यूपोर्ट लॉक करा. आत असताना माउसचं चाक जरा फिरलं तरी १:५०० हातचं जाईल.