मदत हवी आहे: लॉइटरला (एकाच जागी तरंगायच्या मोडला) टाकला की ड्रोन मळणीच्या बैलासारखा फिरतो

मंडळी,

वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या चौदा मुलांसोबत पाच दिवसांची ड्रोन बनवायची कार्यशाळा घेतली. एफ४५० फ्रेम, ९२० केव्हीच्या चार मोटारी, ३० अँपिअरचे ईएससी (मोटारींचा वेग सांभाळणारी सर्किटं), दहा इंची पंखे, पिक्सहॉक या नियंत्रक बोर्डवर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर, एम८एन जीपीएस आणि ३एस ५२०० एमएएचची लायपो बॅटरी. सगळं मिळून सव्वा किलोच्या आसपास.

सोल्डरिंग मुलांनीच केलं. एक्सटी६०चा (बॅटरीच्या कनेक्टरचा) पहिला जोड राखाडी आणि दाणेदार बसला होता. एका मुलीने तो बोटाने चाचपला, "मॅडम, हा कच्चा आहे" म्हणाली आणि काढून पुन्हा केला. पहिल्याच उड्डाणात ड्रोन कलंडला, कारण एक मोटार उलटी फिरत होती. तिच्या तीनपैकी दोन वायरी बदलल्यावर ते मिटलं.

आता खरी अडचण. स्टॅबिलाइज (फक्त तोल सांभाळणारा मोड) आणि अल्टहोल्डमध्ये (उंची धरून ठेवणारा मोड) झकास उडतो. लॉइटरला टाकला की पाच-सात सेकंद जागेवर थांबतो आणि मग गोल फिरायला लागतो. पहिला फेरा हातभर, दुसरा दोन मीटर, पुढचा त्याहून मोठा. मुलं ओरडतात, "मळणी सुरू झाली!" अल्टहोल्डला आणला की लगेच शांत. उपग्रह बारा-तेरा मिळतात. जीपीएसच्याच डबीत असलेल्या कंपासचं कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत तीनदा केलं, जीपीएस दुसरा लावून पाहिला. जीपीएसचा दांडा तुटल्यामुळे तो वरच्या प्लेटवर, बॅटरीच्या वायरींशेजारीच चिकटपट्टीने बसवलाय.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांना तो पालकांना दाखवायचा आहे. असा भरकटणारा ड्रोन मी माणसांच्या आसपास उडवणार नाही, म्हणजे मुलांची मेहनत कपाटात जाईल. कुणी मार्ग सुचवेल का?

प्रतिसाद:

ताई, जीपीएस ठीक आहे, कंपास फसतोय. अल्टहोल्डला दाबमापक पुरतो, पण लॉइटरमध्ये सरकलेला ड्रोन जागेवर आणायचा तर आधी उत्तर कुठे आहे ते कळायला हवं. तेच चुकलं की तो परत येताना तिरका जातो, ते सावरताना पुन्हा तिरका, आणि त्याचाच फेरा होतो.

बॅटरीच्या वायरीतून उडताना पंधरा-वीस अँपिअर वाहतात. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रातच तुमचा कंपास बसलाय. जीपीएस किमान दहा-बारा सेंटीमीटर वर न्या. दांडा नसेल तर बांबूची कामटी चालेल, फक्त लोखंडी स्क्रू नको. जीपीएसवरचा बाण ड्रोनच्या नाकाच्या दिशेलाच हवा. लाल-काळ्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या. आणि प्रयोगशाळेत लोखंडी टेबलं असतात, स्लॅबमध्ये सळ्या असतात, तिथलं कॅलिब्रेशन कामाचं नाही. मैदानाच्या मध्यावर करा, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून.

धागाकर्ती:

दादा, टेबलं लोखंडीच आहेत! आज कामटी बसवली, वायरींना पीळ दिला, मैदानात कॅलिब्रेशन केलं. लॉइटरमध्ये सलग दोन मिनिटं थांबला, हलला तो वीतभर. मुलं अक्षरशः नाचली. आता आरटीएल (ड्रोन आपोआप उड्डाणाच्या जागी परत येतो तो मोड) तपासायचं आहे. सुरुवातीला किती उंची ठेवू? मैदानाच्या कडेला नारळाची दोन उंच झाडं आहेत.