'गोल्ड पीस'ला मराठीत काय म्हणावं? मोहर, होन की आणखी काही?

रानवारा: दर शनिवारी भाचरांना 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत गोष्ट रचायचा साहसखेळ मराठीतून खेळवतो. परवा ड्रॅगनची गुहा फत्ते झाली. मी म्हटलं, "२०० मोहरा मिळाल्या." धाकटी विचारते, "मामा, आंब्याचा मोहर?" थोरला म्हणाला, मोहर मोगलांची, आपला तो होन. खेळात तांबं, चांदी, इलेक्ट्रम (सोनं-चांदीचा मिश्रधातू), सोनं, प्लॅटिनम अशी पाच नाणी असतात. तांब्याची १० म्हणजे चांदीचं एक, चांदीची १० म्हणजे सोन्याचं एक. सगळ्यांना नावं हवीत. शिवाय गुहेतल्या अख्ख्या ऐवजालाही शब्द हवा. 'खजिना' म्हटलं की मला सोसायटीचा खजिनदार आणि पावतीपुस्तकच दिसतं.

माजघर: घबाड! पंचांगात घबाड मुहूर्त असतो तोच शब्द. पण एक फरक सांभाळा. ड्रॅगनने राखला तो ठेवा, तुमच्या पोरांच्या हाती लागलं ते घबाड.

टाकसाळे: थोरल्याचं बरोबर आहे. सोन्याला होन, तांब्याला शिवराई. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि आपण मुलांना मोहर शिकवायची?

कोकणकडा: होन तरी कुठे आपला? कानडी 'होन्नु', म्हणजे सोनं.

टाकसाळे: कानडी शेजारची आहे. शिवाय होन आपल्याच मातीत पाडला गेला.

रानवारा: मला वजन अडवतंय. नियमपुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत ५० नाणी म्हणजे एक पौंड, म्हणजे नाणं ९ ग्रॅमचं. शिवकालीन होन जेमतेम ३ ग्रॅमचा, मोहर ११च्या आसपास. पोरं पाठीवरचं ओझं मोजतात, २,००० नाणी म्हणजे १८ किलो! होन म्हटलं की ते ओझंच वाटत नाही.

टाकसाळे: वजन पोरं विसरतील हो. जो शब्द खेळात दहादा तोंडी येतो तो जन्मभर राहतो.

कोकणकडा: इलेक्ट्रमचं मात्र सोपं आहे. ते चांदीच्या पाच नाण्यांचं, म्हणजे सोन्याच्या नाण्याचं अर्धं ना? अधेली म्हणा. आजोबा आठ आण्यांना अधेलीच म्हणायचे. पावली नको, ती चौथा हिस्सा. दहाच्या हिशेबात बसायची नाही.

रानवारा: अधेली! वहीत लिहून टाकली.

माजघर: आणि पुतळी कशी विसरलात सगळे? व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावर माणसांच्या आकृत्या म्हणून पुतळी. आजीच्या माळेत होत्या. एका पुतळीवरचे चेहरे पार झिजले होते, नुसत्या दोन उभ्या रेघा उरलेल्या. आजी बोलता बोलता अंगठा तिच्यावरच फिरवत बसायची.

टाकसाळे: पुतळी सुंदर शब्द आहे. पण होन सोडू नका.

कोकणकडा: आमच्याकडेही होती हो ती माळ! लाखेवर पोकळ पत्रा चढवलेल्या पुतळ्या होत्या की अस्सल नाणी?

माजघर: अस्सल. दर दोन वर्षांनी रेशमी गोफ बदलायला पटवेकरी घरी यायचा. तुमच्याकडे त्याला काय म्हणत?