बास्तानच्या खोऱ्यात आईबाबांना घेऊन जायचंय, कुठे राहावं?

टुलूजकर
नमस्कार मंडळी. आम्ही टुलूजला असतो, दिवाळीच्या सुमारास आईबाबा सांगलीहून येतायत आणि ऑक्टोबरच्या शेवटी पोरांच्या शाळेला सुट्टी आहे. पॅरिस-बिरिस मागच्या खेपेला झालं, बाबांनी आता स्पष्ट सांगितलंय की चर्च आणि म्युझियम पुरे, मला गावं दाखव, गुरं दाखव. त्यांची सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली त्यामुळे गाय दिसली की गाडी थांबवायला लागते. ऑफिसातला एक बास्क सहकारी म्हणाला बास्तानला जा, स्पेनच्या बाजूला आहे, आमच्याकडून गाडीने साडेतीन-चार तास. नकाशात बघितलं तर एलिसोंदो हे मोठं गाव दिसतंय आणि आजूबाजूला बारकी बारकी गावं. तर एलिसोंदोतच राहावं का एखाद्या छोट्या गावात? आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, बाबांचा गुडघा दुखतो, आणि तिथे पाऊस फार असतो म्हणतात. तीन-चार रात्री काढायच्यात. कुणी गेलंय का?

डोंगरभुंगा
एलिसोंदोत राहू नका असं मी म्हणणार आणि त्यावर इथे भांडण होणार, होऊ दे. एलिसोंदो वाईट नाही, नदीकाठी चोकोतो म्हणून जुनी वस्ती आहे, बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं, अमेरिकेत पैसा कमावून परत आलेल्यांनी बांधलेले मोठाले वाडे आहेत, बँक, सुपरमार्केट, औषधांचं दुकान सगळं तिथेच. पण ते तालुक्याचं गाव आहे हो, बाबांना जे बघायचंय ते तिथून पुढे सुरू होतं. खोऱ्यात एकूण 15 गावं, सगळी मिळून वस्ती 8 हजाराच्या आसपास, आणि सगळ्यांचा कारभार एकच, क्षेत्रफळाने बघितलं तर नवार्रा प्रांतातली सगळ्यात मोठी नगरपालिका हीच.

मी एर्रात्सु सुचवेन, नाहीतर अमायुर किंवा अरिस्कुन. तिन्ही एलिसोंदोपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांच्या आत, म्हणजे दूध संपलं तर हाल नाहीत. 'कासा रुराल' म्हणून शोधा, जुनं दगडी घर अख्खं भाड्याने मिळतं, स्वयंपाकघरासकट, आईंचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. बुक करताना झोपायची खोली तळमजल्यावर आहे का हे मात्र नक्की विचारा, कारण या घरांत पूर्वी खाली गुरं आणि वर माणसं अशी रचना असायची, त्यामुळे आजही खोल्या बहुतेक वरच्या मजल्यावर आणि लाकडी जिने चांगलेच उभे असतात.

घरं बघायला वेळ ठेवा. कोपऱ्यांना आणि खिडक्यांभोवती तांबूस वालुकाश्म, बाकी भिंत पांढरी, दारावरच्या दगडात बांधल्याचं साल आणि घराचं नाव कोरलेलं. नाव घराचं असतं, माणूस त्या घराचा म्हणून ओळखला जातो. बऱ्याच दारांवर वाळवलेलं एक मोठं काटेरी फूल ठोकलेलं दिसेल, एगुस्कीलोरे म्हणतात, वाईट शक्ती आत येऊ नयेत म्हणून. आणि जागोजागी बुद्धिबळाच्या पटाचं दगडी चिन्ह दिसेल, ती खोऱ्याची मुद्रा, 1440 साली इथल्या सगळ्या रहिवाशांना सरसकट उमराव मानलं गेलं म्हणून साध्या शेतकऱ्याच्या घरावरसुद्धा ती मिरवलेली असते.

बाबांसाठी खास गोष्ट म्हणजे डोंगरावरची बहुतेक जमीन कुणा एकाच्या नावावर नाही, खोऱ्याची सामाईक आहे, कोण किती गुरं सोडणार, कोण नेचे कापणार, कोण लाकूड आणणार याचे नियम शेकडो वर्षांपासून लिहिलेले आहेत आणि आजही लागू आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिथले नेचे वाळून गंजासारखे तांबडे होतात, ते कापून गोठ्यात गुरांखाली अंथरायला वापरतात, उतारावर मधोमध खांब रोवून त्याभोवती रचलेल्या उंच राशी अजून काही ठिकाणी दिसतात. मेंढ्या लात्शा जातीच्या, लांब लोंबती लोकर आणि काळी किंवा तांबडी तोंडं. पोत्तोक म्हणून बुटकी घोडी मोकळी फिरतात. कुरणातलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, एवढं एक पाळलं की कुणी तुम्हाला अडवत नाही.

गाडी हवीच. पांपलोनाहून बस आहे पण गावागावात फिरायला तिचा उपयोग नाही. तुम्ही बायोनवरून याल तेव्हा दांचारीनेआला सीमा ओलांडाल, तिथे नुसती दुकानंच दुकानं, फ्रेंच लोक स्वस्त पेट्रोल न् दारू भरायला येतात, न थांबता पुढे निघा. मग ओत्सोंदो खिंड, 602 मीटर, रस्ता चांगला आहे. इस्पेगी खिंडीतून यायचा मोह टाळा, सुंदर आहे पण वळणं अशी की आईंना मळमळेल.

किनारपट्टी
मी उलटं सांगते. सान सेबास्तियानला राहा आणि बास्तान एक दिवसात करा. ऑक्टोबर अखेर तिथे सहाला अंधारून येतं, पाऊस लागला तर चार-चार दिवस डोंगर ढगात, त्या छोट्या गावात संध्याकाळी करायचं काय? म्हातारी माणसं घरात बसून कंटाळतील.

डोंगरभुंगा
@किनारपट्टी ज्यांना गुरं बघायचीत ते समुद्रकिनाऱ्यावर राहून काय करणार सांगा. आणि एक दिवसात 'करा' म्हणजे गाडीतून उतरायचं, फोटो, परत गाडी. गावात सकाळी आठला गुरं रस्त्यावरून जातात ती बघायला तिथे झोपायला लागतं. पावसाचं खरंय, तो अटलांटिकवरून थेट येतो, पण सांगलीच्या माणसाला पावसाचं काय कौतुक!

मिरजेची सून
जेवणाचं मी सांगते कारण माझ्या सासूबाई आईंसारख्याच. तिथल्या हॉटेलात 'वेखेतारियानो' म्हटलं की मान डोलावतात आणि सॅलडमध्ये ट्युना घालून आणतात, म्हणून एकेक सांगायचं: सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून, सिन उएवो, म्हणजे मांस, हॅम, ट्युना, अंडं यातलं काही नको. पांढऱ्या किंवा लाल राजम्यासारख्या शेंगदाण्यांच्या आमट्या, सॉरी, घेवड्याच्या आमट्या फार छान असतात पण त्यात सॉसेजचा तुकडा जवळपास ठरलेला, विचारूनच घ्या. पिकियोच्या भाजलेल्या लाल मिरच्या, मशरूम, भाज्यांचा मेनेस्त्रा हे चालतं (मेनेस्त्रातही हामोन घालतात, लक्ष ठेवा). तोर्तीया म्हणजे बटाट्याचं आमलेट, ते आईंना बाद. 'चुरी ता बेल्त्स' नावाचं काही दिसलं तर पुढची पानं उलटा, मेंढीचं आतडं आणि रक्त.

आईंना आवडेल ते तालो. मक्याच्या पिठाची थापलेली भाकरीच ती, तव्यावर भाजतात, आत चीज घालून दुमडून हातात देतात. अमायुरला जुनी पाणचक्की आहे, तिथे दळलेल्या पिठाची मिळते, पण रोज नसते, आधी फोन करून विचारा. माझ्या सासूबाईंनी तिथल्या बाईला हाताने थापून दाखवली आणि मग दोघी एकमेकींची थापायची पद्धत बघत बसल्या, भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती, आम्ही आपले बाहेर पावसात उभे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाका. तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज, इदियासाबाल, हे सहसा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध विरजणाऱ्या अर्काने) विरजलेलं असतं. मामिया म्हणून मडक्यात लावलेलं दह्यासारखं असतं तेही तसंच. काहींना चालतं काहींना नाही, पण खाल्ल्यावर कळलं तर ट्रिपचा विचका होतो. मग तालो चॉकलेट घालून घ्या, तसंही मिळतं.

आणि वेळा! दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद, रात्रीचं साडेआठच्या आधी मिळत नाही. आपली मंडळी साडेसातला ताटावर बसणारी, म्हणून कुकर न्याच. भारतातून आणलेल्या दोन गोल पिनांच्या प्लगला तिथे अडचण येत नाही.

पंतोजी
चर्च पुरे म्हणालेत बाबा, तरी एक संदर्भ सांगून ठेवतो, पटला तर घ्या. एर्रात्सुजवळच अस्पिल्कुएता नावाचं गाव आहे. ज्यांना गोव्यात गोंयचो सायब म्हणतात, ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमध्ये आहे, त्या फ्रान्सिस झेवियरांच्या आईचं घराणं या गावचं. ते स्वतः 1506 साली झेवियरच्या किल्ल्यात जन्मले, तो किल्ला नवार्रातच पण बराच पूर्वेला आहे, या फेरीत नका घुसडू. पण त्यांचा थोरला भाऊ मिगेल इथे अमायुरच्या गढीत लढला. स्पेनमधल्या कास्तील राज्याने 1512 मध्ये नवार्राचं राज्य घेतलं, त्यानंतर जे काही मोजके लोक अखेरपर्यंत तगून राहिले त्यांची नवार्रातली शेवटची गढी ही. जुलै 1522 मध्ये दोनेकशे माणसं आत आणि बाहेर हजारोंचं सैन्य, पडायची ती पडली. वर 1922 साली स्मारक उभारलं, ते 1931 मध्ये स्फोटाने उडवलं, 1982 मध्ये परत बांधलं. यावरूनच कळेल की विषय अजून निवलेला नाही. म्हणून एक सूचना: खोरं नवार्रात येतं आणि नवार्रा हा बास्क स्वायत्त प्रांतापासून वेगळा आहे, बोलतात मात्र बास्क भाषा, तेव्हा तुम्ही स्पॅनिश की बास्क असले प्रश्न बारमध्ये विचारू नका. एगुन ओन (सुप्रभात), एस्केर्रिक आस्को (धन्यवाद) म्हणा, चेहरे खुलतात.

दुसरं, अरिस्कुनला गेलात तर खालची बोसाते वस्ती चुकवू नका. तिथे अगोत म्हणून लोक राहायचे. धर्म तोच, भाषा तीच, दिसायलाही तसेच, तरी कित्येक शतकं त्यांना चर्चमध्ये वेगळं दार, पवित्र पाण्याचं वेगळं भांडं, बसायला मागची जागा, आणि लग्न आपापसातच. सुतारकाम, दगडकाम, चक्की असली कामं त्यांच्याकडे. ते वेगळे का ठरले याबद्दल तर्क पुष्कळ आहेत, कुष्ठरोग्यांचे वंशज, गॉथ टोळ्यांचे वंशज, पण सिद्ध एकही नाही. 1818 च्या सुमारास कायद्याने भेदभाव बंद झाला, माणसांच्या मनातून जायला अजून बराच काळ लागला. आणि याच अरिस्कुनचा हुआन दे गोयेनेचे माद्रिदला जाऊन एवढा श्रीमंत झाला की त्याने अठराव्या शतकात राजधानीजवळ नुएवो बास्तान नावाचं अख्खं गाव वसवलं. एकाच गावाच्या वरच्या न् खालच्या आळीतल्या या दोन गोष्टी. युरोपात जात नव्हती असं छातीठोक सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना इथे आणायला हवं.

टुलूजकर
बापरे, एवढं सगळं! पंतोजी, बाबांना वाचून दाखवलं, म्हणाले बोसाते पहिलं. बास्तान पक्कं, राहायला छोटं गाव हेही पक्कं (किनारपट्टी, राग मानू नका). आता दोनच शंका. सुगार्रामुर्दीच्या चेटकिणींच्या गुहेबद्दल पोरं मागे लागलीत, ती बघण्यासारखी आहे का नुसता बाजार? आणि गुडघेवाल्यांना चालता येईल अशी जागा कोणती?

किनारपट्टी
राग कसला. गुहा बघा. ती खोऱ्याच्या बाहेर, खिंडीपलीकडे आहे, तुमच्या परतीच्या वाटेवरच पडेल. ओढ्याने डोंगर कोरून आरपार बोगदा केलाय, ओढ्याचं नावच नरकाचा ओढा. आत लाइट-बिट नाट्यमय काही नाही, ओली दगडी भिंत आणि पाण्याचा आवाज. पायऱ्या आहेत, बाबांना वरच्या टोकाला बसवा. गावातलं चेटकिणींचं म्युझियम पोरांपेक्षा मोठ्यांना जास्त कळतं. 1610 साली लोग्रोन्यो शहरात इथल्या चेटकिणींवरच्या खटल्याचा निकाल जाहीर झाला, सहा जणांना जिवंत जाळलं, जे कोठडीत आधीच मेले होते अशा पाच जणांचे पुतळे जाळले. पुढे सालासार नावाचा, त्याच खटल्यातला एक न्यायाधीश, गावोगाव हिंडला, शेकडो जबान्या घेतल्या आणि लिहून टाकलं की याबद्दल बोलायला-लिहायला लागेपर्यंत इथे चेटकीणही नव्हती आणि झपाटलेला माणूसही नव्हता. पोरांना टोप्या-झाडू विकणारी दुकानं आहेत, तेवढा खर्च धरून चला.

डोंगरभुंगा
गुडघ्यासाठी बेर्तिस. खोऱ्याच्या तोंडाशी ओरोनोस-मुगायरीजवळ, नदीकाठची जुनी बाग, एका जमीनदाराने 1949 मध्ये नवार्राला देऊन टाकली. बागेतल्या वाटा जवळपास सपाट, पोरांना मागच्या बीच झाडांच्या जंगलात सोडा, ऑक्टोबर अखेर पानं पिवळी-तांबडी झालेली असतात. तिथूनच जवळ जुन्या रेल्वेची वाट लागते, इरूनहून एलिसोंदोला छोटी गाडी यायची ती 1956 मध्ये बंद झाली, रूळ काढून आता बऱ्याच भागात सायकलचा सपाट रस्ता केलाय.

एर्रात्सुचा शोर्रोशीन धबधबा तुम्ही आणि पोरं जाऊन या, गोरोस्तापोलो वस्तीपासून वाट आहे, पण शेवटचा टप्पा चिखलाचा आणि दगड निसरडे, बाबांना वस्तीतच थांबवा, तिथे गोठे आहेत, ते काही कंटाळायचे नाहीत. वरच्या धारेवर शनिवार-रविवारी सकाळी गोळीबार ऐकू आला तर घाबरू नका, पारव्यांच्या शिकारीचा हंगाम असतो, फक्त त्या बाजूच्या पायवाटा टाळा.

मिरजेची सून
आणि हो, 1 नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण, सुट्टी, दुकानं बंद. आदल्या दिवशी एलिसोंदोतून दूध-भाजी भरून घ्या. तिथलं अख्ख्या हेझलनटचं चॉकलेट पण तेव्हाच घ्या, वडी भलीमोठी असते आणि सांगलीला नेताना वितळत नाही दिवाळीत, फक्त चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळा नाहीतर तुकडे होतात.

टुलूजकर
एर्रात्सुला घर मिळालं, तळमजल्यावर एक खोली आहे, मालकिणीला विचारलं तर म्हणाली शेजारच्या गोठ्यात गाई आहेत, सकाळी आवाज येईल, चालेल ना? बाबांना विचारायचीसुद्धा गरज नव्हती. धन्यवाद सगळ्यांना, कुकर बॅगेत टाकलाय.