नाताळच्या पार्टीसाठी गोवा थीमचा शार्कुटरी बोर्ड: २० जणांना काय, किती आणि कसं मांडायचं?

मुग्धा_प
२४ डिसेंबरला संध्याकाळी पुण्यात घरी २० जण जेवायला आहेत. जेवणाआधी तास-दीड तास गप्पा मारताना तोंडात टाकायला शार्कुटरी बोर्ड (एका पाटावर मांडलेलं मांस, चीज, पाव असं खाणं) करायचा आहे, गोव्याच्या थीमचा. ८ जण शाकाहारी आहेत. उरलेल्या १२ पैकी ३ जण पोर्क खात नाहीत. यादी अशी: गोव्याचे चोरिस (पोर्कचे सॉसेज), सलामी, ब्री आणि गौडा ही चीज, पोई (गोव्याचा पाव), पेराद (पेरूची वडी), बेबिंका (थरांचं गोड पक्वान्न). चोरिसच्या सलामीसारख्या चकत्या करून मांडल्या तर चालतील का? माणशी किती धरायचं? घरात मोठी पितळी परात आहे, ती वापरता येईल का?

पणजीकर
मुग्धाताई, चोरिसच्या चकत्या कापून तशाच मांडू नका. नाव पोर्तुगीज शोरिसोवरून आलं असलं तरी वस्तू वेगळी आहे. स्पेन-पोर्तुगालकडचे बरेच सॉसेज महिनोन्‌महिने वाळवून, मुरवून थेट खाण्याजोगे केलेले असतात. आपले चोरिस मीठ, व्हिनेगर, मिरची, लसूण लावून उन्हात किंवा धुरावर धरलेले असतात, पण आत मांस कच्चंच असतं. ते शिजवूनच खायचे.

२५० ग्रॅम चोरिस घ्या. वरचं आवरण सोलून काढा, गोळे हातानं मोकळे करा. जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. तेल घालू नका, चरबी आपोआप सुटते. मग २ मोठे कांदे उभे चिरून घाला आणि पाणी आटेपर्यंत परता. मीठही नको, त्यात भरपूर असतं. वर आलेली लाल चरबी चमच्यानं बरीचशी काढून घ्या, नाहीतर पाव भिजून लगदा होईल.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोणी येणार असेल तर चोरिसच्या माळेसोबत खारातली कैरीही मागवा. बोर्डावर लोक घेरकिन (आंबवलेल्या छोट्या काकड्या) आणि ऑलिव्ह ठेवतात ते चरबीवर आंबट उतारा म्हणून. गोव्याच्या बोर्डावर ते काम ही कैरी करते. बारीक फोडी करा, पाणी टिपून घ्या.

पाटवाढप
आधी बोर्ड दोन करा, पोर्कचा आणि शाकाहारी. एकाच पाटावर कोपरे वाटून दिले तरी दहा मिनिटांत चाकू आणि चिमटे इकडचे तिकडे होतात. चिकन सलामी तिसऱ्या छोट्या ताटलीत ठेवा.

नंतर जेवण आहे, म्हणून माणशी ५० ग्रॅम चीज आणि मांसाहारी माणशी ५० ग्रॅम मांस पुरतं. म्हणजे चीज १ किलो, त्यातलं ४०० ग्रॅम शाकाहारी बोर्डावर. मांस ६०० ग्रॅम: चोरिस २५०, पोर्क सलामी किंवा हॅम २००, चिकन सलामी १५०. पोई ८ ते १० आणा. काप करून १६० अंशांवर ८ मिनिटं ओव्हनमध्ये कुरकुरीत करा. सकाळची पोई संध्याकाळी चिवट होते, तशीच ठेवली तर कोणी हात लावत नाही.

शाकाहारी बोर्डावर दोन ठिकाणी चूक होते. पार्मेजानसारख्या काही परदेशी चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. आणि बेबिंकात अंड्यातला बलक असतो, ती इकडे नको. त्याऐवजी दोदोल ठेवा: नारळ, गूळ, तांदळाचं पीठ. पेराद म्हणजे नुसता पेरूचा गर आणि साखर, ते निर्धास्त ठेवा. पेरादचा पातळ काप खारट चीजवर ठेवून खाणं ही या बोर्डावरची सगळ्यात चांगली जोडी आहे. ब्राझीलमध्ये पेरू-चीजच्या या जोडीला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. पेराद ३०० ग्रॅम तरी हवंच.

परात वापरा, पण कल्हई नसेल तर आंबट काहीही थेट पितळेवर नको. केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ करा म्हणजे फाटत नाही, ते अंथरा. कैरी वाटीतच ठेवा. सजावटीला नाताळचं म्हणून पॉइनसेटियाची लाल पानं खाण्याजवळ ठेवू नका, त्यांच्या चिकानं तोंड आणि कातडी चुरचुरते. बाजारातली झेंडूही नको, तिच्यावर फवारा मारलेला असतो.

मुग्धा_प
खूप उपयोग झाला. मांडणी किती आधी सुरू करायची? आणि चोरिस गार झाले तर?

पणजीकर
चोरिस गार झाले की चरबी गोठून पांढरट थर येतो आणि चव जाते. म्हणून सगळे एकदम मांडायचे नाहीत. दोन इंची छोटे पाव मधून उघडून एका वेळी ८-१० भरा, बाकी कढईत झाकून गरम ठेवा. ते संपले की पुढची खेप.

पाटवाढप
पाहुणे साडेसातला येणार असतील तर पावणेसातला चीज फ्रीजबाहेर काढा. ब्री मात्र त्याआधी थंड असतानाच कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतली की चिकटत नाही. गौडाचे काप अर्धा सेंटिमीटर जाड ठेवा, त्याहून पातळ कडांना वाळून वळतात. वाट्या आधी मांडा, मग चीज, त्याच्या अंगाला सलामी. उरलेल्या फटींत भाजलेले काजू.

सलामीचं फूल करायचं तर छोटा ग्लास घ्या. चकत्या कागदानं टिपून त्याच्या काठावर अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा एकीवर एक चढत तीन फेऱ्या लावा, १० ते १२ चकत्या लागतात. हलक्या हातानं दाबा आणि ग्लास पाटावर उपडा करून उचला. इथली चिकन सलामी ओलसर असते. टिपली नाही तर फूल लगेच उलगडतं.

पोईचे काप सगळ्यात शेवटी, पाहुणे दारात आल्यावर. चीजला टेकून ठेवलेले काप अर्ध्या तासात नरम पडतात. मांस आणि चीज दोन तासांवर बाहेर ठेवू नका. साडेआठच्या सुमाराला उरलेलं झाकून फ्रीजमध्ये टाका.