‘पहिल्याच दिवशी सगळ्यांना घरी पाठवायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांसाठी (एअर इंडिया)

रात्रपाळी (धागाकर्ता)

परवा विमानतळांच्या धाग्यावर सरळ_हिशोब यांनी ठोकून दिलं: "टाटांची एकच चूक झाली. 27 जानेवारी 2022 ला ताबा मिळाला, त्याच संध्याकाळी जुन्या सगळ्यांना घरी पाठवायला हवं होतं. इंडिगोशी लढायचं तर सरकारी जावई पोसून चालत नाही." खाली +१ ची ही रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

माझी नोकरी देखभाल खात्यात गेली, सांताक्रूझच्या हँगरमध्ये, इंडियन एअरलाइन्सच्या बाजूला. म्हणजे मी जावयांपैकीच. आता बोलू.

विक्री ठरली तेव्हा कंपनीत 12,085 माणसं होती, त्यात कायम 8,084. या कायम लोकांपैकी जवळपास पाच हजार जण पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणारच होते. पहिलं वर्षभर कुणाला काढायचं नाही आणि नंतर काढायचं झालं तर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) द्यायची, ही विक्रीची अटच होती. म्हणजे तुम्ही सुचवता तो मार्ग टाटांना उपलब्धच नव्हता. आणि समजा असता, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे विमान सोडलं कुणी असतं? विमान उडायला योग्य आहे अशी सही करायला परवाना लागतो, त्या त्या जातीच्या विमानाचा. तो एका संध्याकाळीत तयार होत नाही.

दुसरं, 'बदल नको म्हणणाऱ्यांनी कंपनी बुडवली' हे पालुपद. अहो, बदल उदंड झाले! 2007 ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक केल्या. पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, युनियन वेगळ्या, मुख्य ताफा एकीकडे बोइंग तर दुसरीकडे एअरबस. त्याच्या थोडं आधी 111 विमानांची मागणी नोंदवलेली, 68 बोइंग आणि 43 एअरबस, जवळजवळ सगळी कर्जावर. कॅगचा 2011 चा अहवाल काढून वाचा. आमच्या उड्डाणांचा 'आयसी' कोड जाऊन सगळीकडे 'एआय' व्हायलाही 2011 उजाडलं. आणि दोन्हीकडच्या माणसांचा मेळ कसा घालायचा यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली, तीही 2011 मध्येच. लग्न लावून दिलं आणि चार वर्षांनी पत्रिका जुळवायला बसले.

मग जे व्हायचं तेच झालं. 2011 ला आमच्या बाजूचे वैमानिक दहा दिवस संपावर: एअर इंडियावाल्यांइतका पगार द्या. 2012 ला त्या बाजूचे 58 दिवस संपावर: ड्रीमलाइनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण आयसीवाल्यांना देऊ नका. दोन्ही संप एकाच निर्णयाच्या पोटातून आलेले. आणि 2006 मध्ये सुरू झालेली इंडिगो या सगळ्या काळात निमूटपणे एकाच जातीची विमानं वाढवत होती.

सरळ_हिशोब

काका, माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद. पत्रिका वगैरे छान. आता रुपये बोलू.

ऑगस्ट 2021 अखेर कर्ज 61,562 कोटी. टाटांनी त्यातलं 15,300 कोटी घेतलं. उरलेलं 46,262 कोटी सरकारी होल्डिंग कंपनीच्या गळ्यात, म्हणजे माझ्या. त्याआधी 2012 ला तीस हजार कोटींचं पॅकेज, तेही माझंच. समिती 2011 ला बसली, कबूल. पण 58 दिवस विमानं उभी कुणी ठेवली? कॅगने? आपल्याच कंपनीतल्या माणसाला नवीन विमान शिकवू नका म्हणून संप करणाऱ्याला जावईसुद्धा म्हणवत नाही.

आणि लग्नाचंच म्हणाल तर दोन्ही घरी कमाई नव्हतीच.

रात्रपाळी

होती. 2005-06 ला दोन्ही कंपन्या नफ्यात होत्या. नाममात्र म्हणा हवं तर, पण नफ्यात.

2012 च्या संपाचं समर्थन मी केलेलं नाही, करणारही नाही. तो आमच्याच विरुद्ध होता.

मालविका_दुबई

तुमचं दोघांचं 2007 होऊ द्या, मी तिकीट काढणारी बाई आहे. नाव घेत नाही, पण एका कंपनीच्या विमानात समोरचा पडदा बंद, सीट मागे जाईना आणि हवाई सुंदरी थंडपणे म्हणाली, "मॅडम, ये ऐसा ही है." माझ्या सासूबाई तेव्हापासून आखाती कंपनीशिवाय बसत नाहीत. त्यांना धर्माधिकारी समिती समजावून सांगायला कोण येतंय?

आज अर्धी मुंबई अमेरिकेला जाताना दुबईत नाहीतर दोह्यात विमान बदलते. आखाती कंपन्यांना भारतातून इतक्या सीट द्यायचं ठरवलं सरकारने, केबिन क्रूने नव्हे. तेवढ्यापुरती मी काकांच्या बाजूने. पडद्यापुरती नाही.

एचआर_आणि_बरंच_काही

प्रोफेशनल दृष्टीने सांगतो. 2022 नंतरचं ट्रान्सफॉर्मेशन टेक्स्टबुक आहे. सप्टेंबर 2022 ला विहान.एआय, पाच वर्षांचा टप्प्याटप्प्याचा रोडमॅप. फेब्रुवारी 2023 ला 470 विमानांची ऑर्डर. चार कंपन्यांच्या दोन केल्या. कल्चर वरून खाली झिरपतं, लीडरशिप बाय-इन महत्त्वाचा...

भटक्या_विमुक्त

साहेब, स्लाइड पुढे सरकवा.

तुमच्या टेक्स्टबुकात एप्रिल 2024 चं पान आहे का? विलीनीकरणासाठी टाटांच्या 'विस्तारा' या दुसऱ्या विमान कंपनीच्या वैमानिकांना नवीन करार दिला. आधी 70 तासांचे ठरलेले पैसे मिळायचे, नव्या करारात 40. वैमानिक धडाधड आजारी पडले, उड्डाणं रद्द. पुढच्याच महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसचे केबिन क्रू आजारी. पंचवीस जणांना काढलं, कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली, पुन्हा घेतलं. हे सगळे तरुण, खाजगी, 'सरकारी जावई' नसलेले लोक! सरळ_हिशोब, यांना कुठल्या संध्याकाळी घरी पाठवायचं?

मी विस्ताराचा भक्त होतो. 12 नोव्हेंबर 2024 ला ती गेली. आता 2 ने सुरू होणारा चार आकडी नंबर शोधून तिकीट काढतो, कारण ती मूळची विस्ताराची उड्डाणं. चांगली कंपनी वाईट कंपनीत बुडवून दोन्ही चांगल्या होतात हे गणित मला अजून कळलेलं नाही.

सरळ_हिशोब

@भटक्या, मग इंडिगोत का होत नाही हे? साठ टक्क्यांच्या वर बाजार घेऊन बसलेत.

भटक्या_विमुक्त

डिसेंबर 2025 मध्ये कुठे होतात? की तुम्हीपण विमानतळावर बॅगेवर झोपला होतात? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे आधीपासून माहीत असून माणसं कमी ठेवली आणि हजारो उड्डाणं रद्द केली. चिरेबंदी शिस्त म्हणे.

कालिनाकर

या चर्चेत कुणीच कालिन्याच्या कर्मचारी कॉलनीचा विषय काढला नाही, कमाल आहे. कर्मचाऱ्यांचा विश्वास कशाने उडतो विचारताय ना? कालिन्याने. विक्री झाली की सहा महिन्यांत घरं रिकामी करा, असं आधीच ठरवलं. जमीन विमानतळ प्राधिकरणाची, ताबा विमानतळ चालवणाऱ्यांकडे, कंपनी टाटांकडे, कॉलनी कुणाचीच नाही. 2024 मध्ये पाडापाडी सुरू झाली. माझं बालपण तिथलं. गणपतीत लोडर आणि कमांडर एकाच रांगेत प्रसादाला उभे राहायचे. ते तुमच्या विहानमध्ये कुठल्या टप्प्यात बसतं?

सरळ_हिशोब

सांताक्रूझला, विमानतळाच्या भिंतीला लागून, नाममात्र भाड्यात आयुष्य काढलं आणि वर अन्याय! आम्ही डोंबिवलीहून उभ्याने आलो. आम्हाला कुणी प्रसाद दिला नाही.

कालिनाकर

क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता मिळत नाही, हे सीए माणसाला सांगावं लागतं? आणि पहाटे तीनच्या पाळीला डोंबिवलीहून कोण येणार होतं, तुम्ही? कॉलनी हा उपकार नव्हता, पाळीची सोय होती.

सरळ_हिशोब

सोय निवृत्तीपर्यंत. वारसाहक्काने नाही.

कालिनाकर

वारसाहक्क कुणी मागितला? मुलांची शाळा संपेपर्यंत मुदत मागत होते लोक. वाचता येत नसेल तर निदान ओरडू नका.

सुलभा_गो

दोघेही जरा पाणी प्या.

@कालिनाकर, मुद्दा खरा तर मुख्यालयाचा आहे. नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारत ही मुंबईची ओळख. 2013 ला मुख्यालय दिल्लीला हलवलं, टाटांनी ते गुरुग्रामला नेलं आणि इमारत राज्य सरकारने 1,601 कोटींना घेतली. मराठी मुलामुलींना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून शिवसेनेच्या लोकाधिकार समितीवाल्यांनी ज्या कंपन्यांच्या दारात आंदोलनं केली, त्यांतली ही एक. आता तिथे मंत्रालयाची कार्यालयं बसणार. यावर एक ओळ नाही कुणाची!

भटक्या_विमुक्त

सुलभाताई, पाणी प्या म्हणालात आणि स्वतः पेट्रोल ओतलंत.

एचआर_आणि_बरंच_काही

मुख्यालय कुठे आहे याने ऑपरेशनल एफिशियन्सीत फरक पडत नाही.

सुलभा_गो

तुम्हाला नाही पडत. ज्या बाईचा नवरा मुंबईत, सासू अंथरुणाला आणि मुलगी दहावीला, तिला पडतो.

माझी नोकरी बँकेत झाली, नाव कशाला. आमचीही मोठ्या बँकेत विलीन झाली. पहिल्या दिवशी केक, फुगे, नवीन लोगोचा टाय. सेवाज्येष्ठतेची यादी आली तेव्हा मी शिकवलेला मुलगा माझ्या वर. विचारलं तर म्हणे सिस्टीमने काढलीय. त्यानंतर आमच्या शाखेत काम थांबलं नाही, पण जास्तीचं काम कुणी केलं नाही. साडेपाचला सगळ्या बायका गेटवर. संप नाही, घोषणा नाही. याला तुमच्याकडे काय म्हणतात, बाय-इन?

एचआर_आणि_बरंच_काही

... मॅडम, याला आम्ही 'डिसएंगेजमेंट' म्हणतो.

भटक्या_विमुक्त

तरीच कुणाला सापडत नाही.

नवा_भिडू

पण अहमदाबादचा अपघात हा याच सगळ्याचा परिणाम नाही का? कामगार नाराज असले की

रात्रपाळी

थांबा. 12 जून 2025 ला 260 माणसं गेली. तपास हे तपास करणाऱ्यांचं काम आहे. इथे बसून कुणी त्याचा संबंध पगाराशी, टाटांशी किंवा युनियनशी जोडणार असेल तर मी स्वतः संपादकांना धागा बंद करायला सांगेन.

बाकी सुलभाताईंनी लिहिलं ते मला चार पानांत जमलं नसतं. कालिनाकर, तुझं बरोबर आहे, पण कॉलनीवर वेगळा धागा काढ बाबा, मी येतो तिथे. आणि कुवेतहून 1990 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं याच जावयांनी परत आणली, हे कुणीतरी लिहील म्हणून वाट बघत होतो. शेवटी मलाच लिहावं लागलं.

सरळ_हिशोब

कुवेत आलं! मी पैज लावली होती घरी. 1990 ला स्पर्धाच नव्हती काका. खाजगी कंपन्यांना दार उघडलं त्यानंतर. मक्तेदारीत पराक्रम आणि स्पर्धेत समिती.

रात्रपाळी

युद्धाच्या तोंडावर अम्मानहून माणसं आणायला कुठली खाजगी कंपनी स्पर्धा करणार होती?

मालविका_दुबई

ही टोपी मात्र बसली हो हिशोबांना. 😄

सरळ_हिशोब

बरं. विक्रीची अट मला माहीत होती, रागात लिहिलं. 'पहिल्याच दिवशी' एवढे शब्द मागे घेतो. 'दुसऱ्या वर्षी तरी व्हीआरएस द्यायची होती' असं वाचा. 46,262 कोटी मात्र मागे घेत नाही, ते कुणीच घेणार नाही.

रात्रपाळी

पहिली व्हीआरएस पहिल्याच वर्षी आली, जून 2022 ला. दुसरी मार्च 2023 ला. वाचून लिहा.